जर्मनीला (स्टुटगार्टजवळ) कुटुंबासह जायचंय, निघण्याआधी काय काय उरकून घ्यावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नवऱ्याला ब्योब्लिंगनला, म्हणजे स्टुटगार्टच्या शेजारी, नोकरी लागली आहे. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या राहण्या-कामाच्या परवान्यावर, तो पुढच्या महिन्यात जाईल. मी आणि मुलगी (सात वर्षं, दुसरीत) तिचं शाळेचं वर्ष संपलं की जाणार. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिरजेत अकरा वर्षं स्वतःचं छोटं क्लिनिक चालवते, ते आता बंद करावं लागेल. सासू-सासरे सांगलीतच राहणार आहेत.

भेटेल तो विचारतो, मिक्सर नेणार का, कुकर नेणार का. माझी झोप दुसऱ्याच गोष्टींनी उडते. मुलीला जर्मनचा एक शब्द येत नाही, ती वर्गात बसणार कशी? मला तिथे पुन्हा पेशंटला हात लावता येईल का? आणि इथे सासऱ्यांना काही झालं तर? प्रत्यक्ष जाऊन राहिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. छोट्या गोष्टीही चालतील.

दगडफूल

वाचते आहे. आम्हीही याच रांगेत, फक्त शहर वेगळं.

रानवाट

ताई, अभिनंदन. मी त्या भागात नऊ वर्षं आहे. सगळ्यात आधी पत्त्याबद्दल लिहितो, कारण तिथे एकूण एक गोष्ट पत्त्याला बांधलेली असते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत गावच्या कार्यालयात नाव नोंदवायचं, याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि हे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. एवढं पाठ नाही झालं तरी चालेल, पण तात्पुरतं घर घेताना 'हा फॉर्म देणार ना?' हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. काही सुट्ट्यांसाठीचे फ्लॅटवाले देत नाहीत, आणि मग गाडी तिथेच अडते. नोंदणी झाली की अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो. तो कंपनीला वेळेत मिळाला नाही तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जड कर कापला जाऊ शकतो.

माझा अनुभव सांगतो. पहिले सहा आठवडे मी एका फर्निश्ड फ्लॅटमध्ये होतो. नोंदणी वेळेत केली आणि पत्रांची वाट बघत बसलो. कर क्रमांक नाही, बँकेचा पिन नाही, विम्याचं कार्ड नाही. तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून पत्रपेट्यांपाशी नेलं आणि माझ्या पेटीवर बोट ठेवलं. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. तिथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, कारण बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. माझी सगळी परत गेली होती. तेव्हा नवऱ्याला सांगा, किल्ली मिळाली त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवायचं, साध्या कागदावर लिहून का होईना.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकी घेता येते, आणि तेही काल्टमिटे, म्हणजे हीटिंग वगैरे सोडून जे मूळ भाडं असतं त्याच्या तिप्पट. ती तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला आहे. घर न बघता कुणी आगाऊ पैसे मागितले तर तिथून निघायचं. आणखी एक, पुष्कळ घरं स्वयंपाकघराशिवाय मिळतात. ओट्याशिवाय, शेगडीशिवाय, कधीकधी सिंकशिवायही, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले असतात. जाहिरातीत 'आइनबाउक्युश' असं लिहिलं असेल तरच किचन आहे असं समजा.

चाकोरीबाहेर

रानवाट यांच्या पत्रपेटीला दुजोरा.

एक सुचवू का? नवरा आधी, बायको-मूल नंतर, यापेक्षा एकत्र जा. कंपनी जर्मनीतून व्हिसासाठी 'जलद प्रक्रिया' लावू शकते. तिची सरकारी फी ४११ युरो, आणि बायको-मुलांचे अर्ज त्याच वेळी केले तर तेही तिच्यात धरले जातात. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए१ची, म्हणजे जर्मन भाषेच्या पहिल्या पातळीची, परीक्षा लागत नाही आणि पोहोचल्यापासून नोकरी करायची मुभा असते. मग थांबायचं कशासाठी? आम्ही पाच महिने वेगळे राहिलो. मुलगा फोनवर बाबांशी बोलायचाच बंद झाला होता. ते मला अजून सलतं.

रानवाट

तुमचं दुःख कळतं, पण सात वर्षांच्या मुलीला घेऊन एका खोलीत महिना-दीड महिना घर शोधत बसणं हेही सोपं नाही. स्टुटगार्टच्या आसपास घर मिळणं फार अवघड आहे. आधी घर, मग कुटुंब, हे माझं मत कायम. पाच महिने मात्र नकोत, दोन पुरेत.

मुलीच्या शाळेच्या दृष्टीनेही बघा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीस लागते आणि नवं वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतं. मे अखेरीस किंवा जूनमध्ये आलात तर तिला सुट्टीआधीचे काही आठवडे शाळेत मिळतील. शाळा, वर्ग, मुलांचे चेहरे ओळखीचे होतील, आणि सप्टेंबरात ती नवखी राहणार नाही. ज्यांना भाषा येत नाही अशा मुलांसाठी पुष्कळ शाळांत फोरबेराइटुंग्सक्लास असतो, आधी भाषा आणि हळूहळू मुख्य वर्ग. सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, निवडायची नसते.

लसीकरणाचं मूळ कार्ड हाताशी ठेवा. १ मार्च २०२० पासून गोवराच्या दोन डोसांचा पुरावा शाळेत-बालवाडीत द्यावाच लागतो. आपल्याकडच्या कार्डावर 'एमआर' किंवा 'एमएमआर' असं लिहून तारीख असते. तारखा पुसट झाल्या असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत नवं कार्ड, शिक्क्यासह, आत्ताच करून घ्या.

विम्याचंही सांगून टाकतो. पगार बराच असेल तर खाजगी विम्याचे एजंट मागे लागतील, तरुण माणसाला तो हप्ता कमी दिसतो. कुटुंब येणार असेल तर सरकारी योजनेतच राहा. तिथे न कमावती पत्नी आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खाजगीत माणशी वेगळा हप्ता, आणि एकदा तिकडे गेलं की परत येणं फार कठीण.

सुंठसाखर

कृष्णाकाठची, तुमच्यासारखीच मी. मीही फिजिओ, आता तिथल्या एका प्रॅक्सिसमध्ये, म्हणजे क्लिनिकमध्ये, काम करते. मला हे सगळं आधी कुणी सांगितलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आपला पेशा तिथे नियंत्रित आहे, म्हणजे परवानगीशिवाय करता येत नाही. नवरा इंजिनिअर असेल तर त्याची डिग्री मान्य पदव्यांच्या यादीत दिसली की काम झालं. आपलं तसं नसतं. आपली पात्रता त्यांच्या तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगशी, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाशी, ताडून बघितली जाते, आणि त्याला आनेरकेनुंग म्हणतात. तुमच्या राज्यात आरोग्यसेवेतल्या पेशांसाठी हे काम स्टुटगार्टचं रेगिरुंग्सप्रेझिडिउम करतं. ते डिग्रीचं नाव किंवा टक्के बघत नाहीत, तास मोजतात. शरीररचना किती तास, इलेक्ट्रोथेरपी किती, मॅन्युअल थेरपी किती, मसाज किती, आणि इंटर्नशिपमध्ये ऑर्थोचे किती, न्यूरोचे किती, बालरोगाचे किती. आपली बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, साडेचार वर्षांची होती, तास भरपूर आहेत. पण ते कागदावर कुठे असतात? मार्कलिस्टवर नसतात.

मी निघून आले आणि मग धावाधाव सुरू झाली. वडील माझ्या कॉलेजात चार वेळा गेले. लायब्ररीत माझ्या बॅचचा सिलॅबस नव्हता, नंतरचा होता, आणि तो चालत नाही. इंटर्नशिपच्या दाखल्यावर 'सहा महिने समाधानकारक पूर्ण' एवढी एकच ओळ होती. विभागवार तास देऊ शकतील असे सर निवृत्त झाले होते. शेवटी ते सर घरातल्या जुन्या रजिस्टरवरून माझ्या पोस्टिंगच्या तारखा काढून देऊ शकले, म्हणून झालं.

तुम्ही अजून मिरजेत आहात, हे तुमचं मोठं भाग्य आहे. या महिन्यातच कॉलेजात जा. विषयवार थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास, तुमच्याच वर्षांचा अभ्यासक्रम, इंटर्नशिपचे विभागवार तास, सगळं कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने, दोन-दोन मूळ प्रती घ्या. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून ट्रान्सस्क्रिप्ट मागवा. कौन्सिलकडून गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी नीट चालू असल्याचा दाखला, घ्या, पण ते निघायच्या तोंडावर, कारण जुनं झालं की परत मागतात. आणि अकरा वर्षांच्या प्रॅक्टिसचा पुरावा गोळा करा. नोंदणी, ज्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून पेशंट यायचे त्यांची पत्रं, कोर्सेसचे दाखले. तास कमी पडले तर ती तूट अनुभवातून भरून काढता येते, म्हणून हे कागद महत्त्वाचे. भाषांतर मात्र घाईने इथे करून घेऊ नका. शपथबद्ध भाषांतरकार कुठला चालेल, हे त्या कार्यालयाला ईमेलने विचारा आणि मगच खर्च करा.

अर्ज गेला की बहुधा डेफिझिटबेशाइड येतं, म्हणजे काय कमी आहे त्याची यादी. ते पत्र आलं तेव्हा मी खूप रडले होते. रडायचं कारण नव्हतं. त्यानंतर दोन वाटा असतात, एक म्हणजे प्रशिक्षण, नाहीतर परीक्षा. मी प्रशिक्षण घेतलं. भाषा मात्र बी२ हवी, त्याला पर्याय नाही. जोडीदाराला व्हिसासाठी ए१ लागत नाही हे चाकोरीबाहेर यांनी लिहिलंय ते खरं आहे, पण कृपया ती सवलत घेऊ नका. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे, रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत, ऑनलाइन शिकवणारेही बरेच चांगले आहेत. आज सुरू केलंत तर निघेपर्यंत ए२ होईल. तिथे गेल्यावर इंटिग्रेशन कोर्स मिळतो, ६०० तासिका भाषेच्या आणि १०० तिथला कायदा-समाज यांच्या, पण जागा मिळायला थांबावं लागतं, आणि तो बी१ला संपतो.

नवऱ्याला पहिल्या दिवसापासून ऑफिस असतं, मुलीला शाळा. सकाळी साडेसातला दोघं गेली की घरात आपण एकट्या असतो, आणि बाहेर आपल्याला एकही पाटी वाचता येत नाही. मला त्या पहिल्या हिवाळ्यात फार त्रास झाला. भाषा येत असती तर निम्मा झाला असता.

कृष्णाकाठची

सुंठसाखर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. नवऱ्यालाही वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, 'माझ्या फाइलवर आपण दोन महिने घालवले, तुझ्या फाइलचं कुणी बघितलंच नाही.' सोमवारी कॉलेजात जातेय.

एक शंका. माझी डिग्री माहेरच्या नावाने आहे, पासपोर्ट सासरच्या. अडेल का?

हिशेबी

अडेल, पण सोडवता येतं. लग्नाचा नोंदणी दाखला, त्यावर दोन्ही नावं स्पष्ट हवीत. नसतील तर राजपत्रातली नावबदलाची नोंद, किंवा 'या दोन्ही व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. प्रत्येक कार्यालयात हा गठ्ठा सोबत न्या.

नावाचीच दुसरी गंमत बघा. पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात आपण स्वतःचं नाव आणि पुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव लिहितो. तिथे मधलं नाव असा प्रकार नाही, दोन्ही तुमचीच नावं धरतात. माझ्या बायकोच्या विम्याच्या कार्डावर तिच्या नावाला जोडून माझं नाव आहे, आणि डॉक्टरांकडे तिला त्याच नावाने पुकारतात. घाबरू नका, फक्त सगळीकडे एकाच क्रमाने, एकाच स्पेलिंगने लिहा.

आता पैशांचं. नोकरीसाठी बाहेर गेलात की इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करून घ्यायचं असतं. बँकेला कळवणं ही तुमची जबाबदारी. एनआरओच्या व्याजावर ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो. एनआरईचं, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात करमुक्त आहे, पण जर्मनीचे रहिवासी झालात की तिथल्या विवरणपत्रात ते दाखवावं लागतं, हे बरेच जण विसरतात. चालू असलेलं पीपीएफ मुदत संपेपर्यंत भरता येतं, पुढे वाढवता येत नाही.

इथला मोबाइल नंबर मरू देऊ नका. बँक, आधार, इन्कम टॅक्स, सगळ्यांचे ओटीपी त्याच्यावर येतात. रोमिंगवर एसएमएस येतोय ना, हे विमानतळावरूनच तपासा, आणि किमान रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लावा.

क्लिनिक बंद करताना शॉप अॅक्टची नोंद आणि व्यवसाय कराची नावनोंदणी रद्द करायला विसरू नका. नाहीतर वर्षाला २,५०० रुपयांची मागणी चालूच राहते, वर दंड.

मुखत्यारपत्र निघण्याआधी इथेच करा. तिथून करायचं तर म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जावं लागतं, तुमचा भाग त्यांच्याकडे येतो. मग ते इथे पाठवून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं. होतं, पण कटकट आहे.

उंबरठा

सासऱ्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. माझी आई गेली तेव्हा मी फ्रँकफर्टला विमानाची वाट बघत होतो. त्याआधीचे तीन दिवस शेजारच्यांनी सगळं केलं. शेजाऱ्यांना तिची औषधं माहीत होती, कारण आम्ही दोन वर्षांपूर्वी फ्रिजवर एक कागद लावून ठेवला होता. आजार, औषधं, रक्तगट, डॉक्टरचा नंबर, मेडिक्लेमचा नंबर, कुणाला फोन करायचा त्यांची नावं ओळीने. त्या कागदामुळे दवाखान्यात एकही मिनिट वाया गेला नाही. डॉक्टरांनीच मला तसं सांगितलं.

तुम्ही तो कागद करा. जवळच्या दोन माणसांना समक्ष भेटून सांगा, 'तुमचं नाव लिहिलंय, चालेल ना?' एकाच्या हातात थोडे पैसे ठेवा, संकोच करू नका. आणि तुमचे तिघांचे पासपोर्ट घरात एकाच जागी ठेवा.

आई-वडिलांना कायमचं तिकडे नेण्याबद्दल: १ मार्च २०२४ पासून पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांसाठी कायद्याने दार उघडलंय, पण त्यांचा आरोग्य विमा मिळवणं हाच खरा डोंगर आहे. भेटीला मात्र जरूर न्या. १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मे-जूनमध्ये न्या, थंडीत नको.

दगडफूल

उंबरठा, वाचून डोळे भरले. आजच तो कागद लिहिते.

चाकोरीबाहेर

सामानाचं चार ओळींत. मिक्सर चालतो, वीज २३० व्होल्टच आहे, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. अॅडॉप्टर जाडजूड घ्या. साजूक तूप, पेढे, खवा, पनीर काही नेऊ नका. दूध-मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे. आंबे आणि कढीपत्ताही नको. मसाले, डाळी, गोडा मसाला निर्धास्त न्या. चष्म्याची जादा जोडी घ्या, औषधं प्रिस्क्रिप्शनसह घ्या. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स सहा महिनेच चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा.

आणि हो, इतकी वर्षं मनात ठेवलेलं तुमच्यासाठी सांगते: मुलीशी घरात मराठीच बोला. आम्ही 'जर्मन लवकर यावं' म्हणून घरात मोडकं जर्मन सुरू केलं. जर्मन त्याला शाळेतच आलं असतं. मराठी मात्र गेली, ती परत आणताना घाम निघतोय.

कृष्णाकाठची (सात महिन्यांनंतर)

मंडळी, धागा वर आणतेय. आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचलो. नवऱ्याने दोन महिन्यांत घर मिळवलं होतं, हेरेनबेर्गच्या बाजूला, किचनसकट. दारात पाऊल ठेवण्याआधी मी पत्रपेटी बघितली. आडनाव होतं.

मुलगी पहिले नऊ दिवस शाळेत एक शब्दही बोलली नाही. बाईंनी वर्गात तिच्या खुंटीवर नावाखाली एक चित्र लावून घेतलं होतं, मुलांनी आपापलं निवडायचं. तिने हत्ती निवडला. दहाव्या दिवशी घरी येऊन म्हणाली, 'आई, हत्तीला एलेफांट म्हणतात, मला आधीपासूनच येत होतं.' सप्टेंबरात ती उड्या मारत गेली. रानवाट, तुमचे ते सुट्टीआधीचे आठवडे फार कामी आले.

आमच्या जिन्यावर आठवड्याला एक पाटी फिरते, ज्याच्या दाराला लटकेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडून-पुसून काढायचा. केरवोख म्हणतात. पहिल्यांदा पाटी आली तेव्हा मी समोरच्या बाईंना विचारायला गेले, ए२ चं जर्मन जोडत जोडत. त्या बादली घेऊन बाहेर आल्या आणि पायऱ्यांचे कोपरे कसे पुसायचे ते दाखवलं. त्यानंतर त्या दर गुरुवारी माझ्याशी अर्धा तास बोलायला येतात. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी हात लावत नाही, परवानगी नाही, पण त्या चालताना मी बघत असते, आणि कुठला स्नायू काम करत नाहीये ते मला दिसतं.

डेफिझिटबेशाइड गेल्या मंगळवारी आलं. सुंठसाखर, मी रडले नाही. इलेक्ट्रोथेरपी आणि न्यूरो पूर्ण मान्य झालं, कारण कॉलेजने तासांचं पत्र दिलं होतं. मसाज आणि हायड्रोथेरपीचे तास कमी पडलेत. इंटर्नशिपचे मान्य. सासऱ्यांनी ते पत्र फोनवर मोठ्याने वाचायला लावलं. जर्मनमध्ये वाच म्हणाले, अर्थ नंतर सांग.

फ्रिजवरचा कागद सांगलीत लागलेला आहे. मागच्या महिन्यात एकदा वापरायला लागला. सासूबाईंना चक्कर आली होती, आता बऱ्या आहेत.

बी१ची परीक्षा जानेवारीत आहे. स्टुटगार्ट-ब्योब्लिंगन भागात बी२ चा आरोग्यसेवेसाठीचा वर्ग कुणी केला असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सकाळचा हवा, मुलगी पावणेएकला येते.